आईच्या मरणाचा वेग

३ मार्च

ताई,

आईची तब्येत चांगली आहे. हे आधी लिहितो, कारण पुढचं वाचून तू पहिलं तेच विचारशील. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं, नवा चष्मा दिला. आता तिला सुईत दोरा ओवता येतो आणि माझ्या खोलीतली जळमटंही दिसतात. आठ दिवसांत तिला परत पाठवतो असं मी तुला कबूल केलं होतं. ते जमेलसं दिसत नाही. आई सिनेमात काम करते आहे.

पत्र खाली ठेवू नकोस, पुढे वाच. आमच्या कंपनीचं नवं चित्र आहे. एक विधवा आई कष्ट करून मुलाला वाढवते, मुलगा मोठा होतो, श्रीमंताघरची बायको करतो, आईला विसरतो, आणि शेवटी आई त्याच्या मांडीवर डोकं ठेवून मरते. आईचं काम नाटकातल्या एका गृहस्थांना दिलं होतं. वीस वर्षं बायकांची कामं करणारा माणूस, चालणं, बसणं, पदर, सगळं अगदी बाईसारखं. पण दाढी फार वेगानं वाढायची. सकाळी नऊला तो आई दिसायचा आणि दुपारी दोननंतर काका. दिवसातून तीनदा तासून गाल सोलून निघाले. शेवटी कंटाळून दुसऱ्या कंपनीत गेला. तिथं त्याला ऋषीचं काम मिळालंय.

मग खऱ्या बाईचा शोध सुरू झाला. एक आली, ती म्हणाली काम करीन पण तोंड दाखवणार नाही. दुसरी कॅमेरा बघूनच पळाली. त्याच दुपारी आई माझा डबा घेऊन स्टुडिओत आली होती. आली ती आली, नायकाच्या कोटाची बाही उलटी बसवलीय म्हणून त्याला हात वर करून उभं केलं आणि बाही उसवायला घेतली. तो एवढा मोठा नट, पण हूं की चूं न करता उभा राहिला. आमचा दिग्दर्शक (त्याला आम्ही भोंगा म्हणतो, कारण तो समोरच्या माणसाशीही पत्र्याच्या भोंग्यातून बोलतो) तिकडून ओरडला, "हीच आई!" मी म्हटलं, साहेब, ती माझी आई आहे. तो म्हणाला, "मग तर बरंच झालं, सवय आहे तिला."

मी आईला विचारलं. तिनं दोनच प्रश्न केले. बोलावं लागतं का? म्हटलं, नाही, आवाज कोणालाच ऐकू जात नाही. मेल्यावर उठता येतं ना? म्हटलं, येतं. "मग करते," म्हणाली.

भाऊजींना नमस्कार. त्यांना हे तूच सांग.

तुझा,
बारक्या


९ मार्च

बारक्या,

तुझं पत्र ह्यांच्या हाती लागू नये म्हणून मी उशीखाली ठेवलं. ह्यांनी ते उशीखालून काढून वाचलं आणि तेव्हापासून शीळ घालत हिंडताहेत. सासूबाई पडद्यावर येणार म्हणून आमच्या थिएटरबाहेर मोठा फलक लावायचा बेत चाललाय. ह्यांचं डोकं आधीच ठिकाणावर नव्हतं, त्यात तू भर घातलीस.

आता माझं ऐक. तू कॅमेऱ्यामागे असतोस, मी तिकीटखिडकीत असते. लोक काय बघायला येतात आणि काय बघून जातात हे मला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. मागे एका चित्रात राणी विष पिते. बिचारी जीव तोडून काम करत होती. पण पेला उचलताना तिचा मुकुट डोळ्यावर आला. झालं. आमच्या गल्लीतली पोरं अजून तांब्या तोंडाला लावून डोक्यावरची टोपी नाकावर ओढतात. त्या बाईचं नाव कुणाला आठवत नाही, मुकुट आठवतो.

बाबा गेले तेव्हा तू चार वर्षांचा होतास, तुला काय आठवणार. मला आठवतं. आईनं शिवणकाम घेतलं आणि आपल्याला बजावलं, दात दाखवू नका. लोक दयेपोटी कपडे टाकतात, ज्या घरात हसणं ऐकू येतं त्या घराची दया कुणाला येत नाही, म्हणायची. आपण दारं लावूनसुद्धा हसायचो नाही. तिनं आयुष्यभर एवढी एकच गोष्ट सांभाळली, की आपल्यावर बोट दाखवून कुणी हसता कामा नये. आणि तू तिला पाचशे माणसांसमोर उताणी पाडून मारणार.

नेलंसच आहेस तर माझी अट लिहून ठेव. आईला बघून लोक रडले तर माझी हरकत नाही. पण एक माणूस जरी तिला हसला, तर मी येऊन तिला घेऊन जाईन आणि माझ्या दाराशी तू यायचं नाहीस. हे मी रागात लिहिलेलं नाही. राग काल होता, म्हणून काल लिहिलं नाही.

तिचा चष्मा नवा आहे, तो कॅमेऱ्यासमोर तिच्या डोळ्यांवर ठेवणार की काढणार? काढलात तर ती अडखळेल. बघ बाबा.

ताई


२० मार्च

ताई,

अट लिहून ठेवली. भिंतीवर लावली होती, पण आईनं वाचायच्या आत काढली.

कुणी हसणार नाही. आमची अडचण वेगळीच आहे, आईला अभिनय करावाच लागत नाही आणि भोंग्याला तेच खपत नाही. त्यानं सांगितलं, "मुलगा तुम्हाला विसरलाय, दुःख करा." आई खुर्चीत बसली आणि नायकाकडे नुसती बघत राहिली. भोंगा म्हणाला, "काहीतरी करा!" आई म्हणाली, "करतेय की." एकदा नायकाला दारातून हाकलतात तो प्रसंग होता. आईनं मधेच कॅमेऱ्याकडे वळून मला विचारलं, जेवलास का? मी मान हलवली. ते चित्रात आलंय. भोंगा म्हणतो, राहू दे, लोकांना वाटेल ती देवाला काही विचारते आहे.

तिचे ओठ हलत नाहीत ही आणखी एक तक्रार. तुला कारण माहीत आहे, जन्मभर तोंडात टाचण्या धरून बोलली, ओठ उघडायची सवयच नाही. आपण दोघं तिच्या ओठांच्या कोपऱ्यांवरून ओळखायचो, गुंड्या आण म्हणतेय की कात्री आण म्हणतेय. भोंगा भोंग्यातून ओरडतो, "तोंड उघडा, बाई, तोंड!" ती त्याला म्हणाली, "तुम्ही एवढं उघडता, त्यातनं काय निघालं?" भोंग्यानं दुपारची सुट्टी लवकर दिली.

माझ्या कामाचं मात्र कौतुक होतंय. सेकंदाला दोन फेरे, ना कमी ना जास्त, असं कॅमेऱ्याचं हँडल फिरवणारा हात इथं दुसऱ्या कुणाचा नाही. कुठं शिकलास, विचारतात. मी सांगतो, आईच्या शिलाई मशिनीवर. तिचे दोन्ही हात कापडात असायचे, चाक आपण फिरवायचं. आधी तू आठ वर्षं, मग मी सहा. फेरा जरा इकडेतिकडे झाला की दोरा तुटायचा आणि तिच्या बोटातल्या पितळी अंगुस्तानाचा टोला डोक्यात बसायचा. त्या टोल्यांवर आज माझी नोकरी उभी आहे.

तेव्हा निर्धास्त राहा. ज्या हाताला तिनं दोरा तोडू दिला नाही, तोच हात तिच्यासमोर आहे. चष्मा काढलाय. अडखळते, पण म्हातारी बाई अडखळलेली वाईट दिसत नाही.

बारक्या


२८ मार्च

बारक्या,

देवाला विचारलं म्हणे! त्या भोंग्याची दृष्ट काढायला हवी.

ह्यांनी तुमच्या मालकांशी परस्पर बोलून चित्र मागून घेतलं. मे महिन्यात आमच्याकडे लागणार. मी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी ह्यांनी विचारलं, तुला बरं नाही का? म्हणजे अबोलाही वायाच गेला.

खरं सांगायचं तर आता मलाही बघावंसं वाटतंय. शेजारच्या काकूंना मी चुकून बोलून गेले. त्या म्हणाल्या, मरते का शेवटी? म्हटलं, हो. त्या म्हणाल्या, मग दोन रुमाल आणते. मला बरं वाटलं.

मरणाचा प्रसंग नीट घे. बाकी चुकलं तर चालेल, ते चुकवू नकोस. आणि उशी मऊ दे तिला.

ताई


९ एप्रिल

ताई,

तो प्रसंग काल झाला. आई मेली. छान मेली. आता ती खाली बसून भाजी निवडते आहे.

सकाळी ऊन चांगलं होतं. छपरावर पांढरं कापड ताणलं होतं, पलंग मधोमध. उशी मीच घरून नेली. नायकाच्या मांडीवर आईचं डोकं. भोंगा म्हणाला, "बाई, शेवटचं काही बोला. काहीही बोला, ऐकू येणार नाही, पण ओठ हलू देत." आणि या वेळी तिनं तोंड उघडलं. कॅमेरा जवळ होता. ती बोलली, नायकाच्या डोक्यावरून हात फिरवला, सुनेनं पाणी आणलं, ते घेतलं नाही, मान टाकली. तीन मिनिटं. नायक खराच रडला. भोंग्यानं भोंगा खाली ठेवला.

मी घेतलं. म्हणजे हँडल फिरवत होतो. सगळं ठीक झालं असणार. फिल्म धुऊन यायला वेळ लागतो.

काय बोलली ते विचारू नकोस. काहीतरी बोलली, तोंडाला येईल ते.

पुन्हा एकदा घेऊ या का, असं मी नंतर विचारलं होतं. पण तोवर सुतारांनी भिंती उतरवून कोर्ट उभं करायला घेतलं होतं, आणि आई म्हणाली, "मी एकदा मेले. आता पुन्हा नाही."

बारक्या


३० एप्रिल

ताई,

पत्राला उशीर झाला, कामात होतो.

एक सुचवायचं होतं. आमचं चित्र भाऊजींनी या मोसमात घेऊ नये असं मला वाटतं. उकाडा फार आहे, तुमच्याकडे पत्र्याचं छप्पर, लोकांना घाम येतो. घाम पुसतील की डोळे? दुःखाचं चित्र थंडीत बरं चालतं. त्याऐवजी आमच्याच कंपनीचं एक घोड्यांचं आहे, त्यात शर्यत आहे, धूळ आहे, कुणी मरत नाही. मालकांना सांगून मी बदलून देतो.

आई मजेत आहे. म्हणजे आहे. तुला नमस्कार सांगते. बाकी ठीक.

बारक्या


६ मे

बारक्या,

माझ्याशी तू लहानपणापासून खोटं बोलत आलास आणि दर वेळी हवेचं कारण दिलंस. गृहपाठ पावसानं भिजला, फी वाऱ्यानं उडाली. उकाड्याचं वाचलं तेव्हाच मी ओळखलं.

काल यंत्राच्या दिव्यांचा एक विक्रेता आला होता, गावोगाव हिंडणारा. ह्यांच्याशी बोलता बोलता म्हणाला, "तुम्ही ते म्हातारीचं चित्र लावलं की नाही? काय हसलो, काय हसलो! म्हातारी मरते बघा, अशी मरते, अशी मरते," आणि त्यानं आमच्या बाकावर आडवं होऊन दाखवलं. दोनदा उठला आणि दोनदा पडला. मग स्वतःच्या मांडीवर थापा मारल्या. ह्यांना ठाऊक नव्हतं मी दारात उभी आहे.

काय झालं ते सरळ लिही. आणि आई कुठं आहे ते लिही. तिला हे कळलंय का?

ताई


११ मे

ताई,

लिहितो. हात माझा चुकला. भोंग्याचा दोष नाही, नायकाचा नाही, आईचा तर नाहीच.

तुला यंत्राचं माहीत आहे, तरी सांगतो. कॅमेऱ्याचं हँडल सेकंदाला दोनदा फिरलं की चित्रं नीट निघतात. हळू फिरलं की चित्रं कमी निघतात, आणि मग थिएटरात नेहमीच्या वेगानं दाखवली की पडद्यावरची माणसं पळतात. आई बोलायला लागली आणि माझा हात हळू झाला. मला कळलंही नाही. चौदा वर्षांत तुझ्या-माझ्या हातून तुटले नसतील इतके दोरे त्या तीन मिनिटांत तुटले. दोनाऐवजी एकच फेरा पडत होता.

त्यामुळे आई पडद्यावर दीड मिनिटात मरते. उशीवर आपटते, टुणकन उठते, पुन्हा आपटते. सून पाणी घेऊन धावत येते, पेला हलवते, धावत जाते. नायक रडतो, त्याचे खांदे हुडहुडी भरल्यासारखे उडतात. आणि ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवते ना, ते डोक्यात चापट्या मारल्यासारखं दिसतं. सहा चापट्या. त्याच्यानंतर पडद्यावर शब्दांची पाटी येते, "बाळा, माझा आशीर्वाद घे." पाटी बदलावीही लागली नाही.

आम्ही कंपनीच्या माणसांनी आधी पाहिलं. मालक खुर्चीवरून खाली आले हसता हसता. भोंगा रडवेला झाला. मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो. आई पहिल्या रांगेत होती, नवा चष्मा लावून. सगळे पोट धरून हसताहेत आणि तिचा चेहरा नुसता दगड. पापणी हलली नाही. संपल्यावर उठली, म्हणाली, "चला, दूध उतू जाईल," आणि मग तिच्याच लक्षात आलं असावं की चुलीवर दूध ठेवलेलंच नाही. तशीच निघून गेली. त्या दिवसापासून माझ्याशी धड बोलत नाही. मी दिसलो की तोंडावर पदर धरते आणि आत जाते. मला तोंड दाखवायची तिला लाज वाटते. माझ्यामुळे.

मालकांनी चित्र तसंच लावलं. धो धो चाललंय. मला बक्षीस देणार होते, मी घेतलं नाही.

काय बोलली म्हणून हात थांबला, ते तीनदा लिहिलं आणि तीनदा कागद फाडला. माझ्याच्यानं लिहवत नाही.

आई काल सकाळच्या गाडीनं तुझ्याकडे निघाली. "ताईकडे चित्र लागतंय, तिथं बघते," एवढंच म्हणाली. मी नको म्हटलं, तिनं ऐकलं नाही. पिशवी आधीच भरलेली होती.

तू अट घातली होतीस, ती मी मोडली. दाराशी येत नाही. पण एक कर. भाऊजींचं यंत्र हातानं चालतं. त्या एका प्रसंगाला हँडल निम्म्या वेगानं फिरव. सेकंदाला एक फेरा. म्हणजे पडद्यावर आई तिच्या वेगानं मरेल. भाऊजींना जमणार नाही, ते घाई करतात. तुला जमेल. दिवा मंद ठेव, हळू फिरलेली फिल्म दिव्यासमोर तापते आणि पेटते. फार धोका वाटला तर नको करू. पण एकदा, तिच्यासमोर, ते नीट दिसायला हवं होतं. माझं एवढं काम करशील तर बघ.

बारक्या


१९ मे

बारक्या,

सावकाश लिहिते आहे, हात दुखतो आहे.

आई पोचली. तिला चित्राबद्दल विचारायची मला हिंमत झाली नाही, आणि तीही काही बोलली नाही. मी दिसले की तोंडावर पदर. म्हणजे माझ्याशीही तेच. मला वाटलं, पोरीसमोरही तोंड दाखवायची लाज वाटतेय हिला. तो विक्रेता हाताशी सापडला असता तर मी त्याचे सगळे दिवे फोडले असते.

दुपारचा पहिला खेळ. ह्यांना मी सांगितलं, आई पहिल्यांदा आपल्या थिएटरात येतेय, जावयानं शेजारी बसायला नको का? हे इस्त्रीचा सदरा घालून बसले. मी यंत्राच्या खोलीत गेले आणि कडी लावली. हळू फिरवलं तर फिल्म पेटते हे ह्यांनी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मला सांगितलं होतं, बाकी काही सांगायच्या आधी. बादलीत पाणी भरून पायाशी ठेवलं.

तो प्रसंग आला. दिवा मंद केला, एक फेरा. मनात एकही आकडा मोजावा लागला नाही, तिच्या मशिनीचं चाक फिरवावं तसा हात आपोआप फिरला. दोन मिनिटांनी फिल्मचा वास यायला लागला. पण मी थांबले नाही.

आणि आई तिच्या वेगानं मरत होती रे. हात डोक्यावरून फिरला तो फिरलाच, चापट नव्हती ती. एक माणूस हसला नाही. काकूंनी दुसरा रुमाल काढला.

तू लिहू शकला नाहीस ते मी वाचलं. त्या पाचशे माणसांत मला एकटीलाच वाचता येत होतं. तोंड उघडून बोलली तरी ओठांचे कोपरे तेच. ती म्हणाली, "तुम्हाला पोरांना मी कधी हसू दिलं नाही. दात दाखवू नका म्हणत राहिले. तेवढंच चुकलं. आता कुणी हसवलं तर हसा रे." पण हँडल सोडलं नाही, एवढं सांगते.

खेळ संपला. लोक डोळे पुसत, नाकं शिंकरत बाहेर. मला वाटलं, झालं आपलं काम, बारक्याला आजच लिहू. तेवढ्यात दारावर धपाधपा थापा. कडी काढली. आई. कपाळाला आठ्या.

"तू काय बिघडवलंस?" म्हणाली.

मी म्हटलं, "काय बिघडलं? नीट नाही दिसलं का?"

"माणसं रडली गं इथली! तिकडे बारक्याकडे केवढी हसली होती. तो मालक खुर्चीवरनं पडला. मी एवढा दीड दिवस गाडीत बसून पुन्हा तेच बघायला आले, आणि तू सगळ्यांना रडवून ठेवलंस."

मी म्हटलं, "आई, तुला वाईट नाही वाटलं? बारक्या म्हणतो तुझा चेहरा दगडासारखा होता."

मग ती स्टुलावर बसली. म्हणाली, "असणारच दगड. बारक्या भिंतीकडे तोंड करून उभा, तो भोंगा रडतोय. मी हसले असते तर पोराला वाटलं असतं, आईसुद्धा माझ्या कामाला हसली. ओठ चावून बसले. उठले तर मेलं दूध की काय ते तोंडातनं निघालं. पुढं तो दिसला की तेच डोळ्यासमोर यायचं, त्या नायकाच्या डोक्यात मी हाणतेय. पदर तोंडात कोंबून आत पळायचे. इथं तू दिसलीस, तुझं तोंड तर त्याच्याहून लांब. म्हटलं, एकदा अंधारात बसून निवांत हसून घ्यावं. तर हे."

मी म्हटलं, "पण तुला लोक हसले की, आई."

ती म्हणाली, "मग? माझं मरण बघून माणसं हसत घरी गेली. यापेक्षा चांगलं कुणाचं झालंय?" आणि मग, "तुझे बाबा असते तर त्यांनी रोज बघितलं असतं."

संध्याकाळच्या खेळाला ती खाली बसली नाही, यंत्राच्या खोलीत छोट्या खिडकीशी माझ्याशेजारी उभी राहिली. म्हणाली, "आता बारक्यानं केलंय तसंच दाखव. त्यात बोट घालू नकोस." मी सेकंदाला दोन फेरे दिले, दिवा मोठा. सासूबाई दिसेनात म्हणून हे खाली शोधत होते. पहिली चापट बसली आणि थिएटर उडालं. दुसरीला काकू बाकावरून घसरल्या, दुपारचे दोन्ही रुमाल हातात तसेच. आणि आई हसली. आधी नाकानं, मग खांद्यांनी, मग खिडकीची चौकट धरून. मी तिच्याकडे बघितलं आणि मलाही आवरेना. डोळ्यांतून पाणी, हात चालूच, आणि तिसऱ्या की चौथ्या चापटीला माझाही फेरा चुकला असणार, कारण लोक आणखीच ओरडले. तुझ्यावर मी रागावले होते ते विसर. अट काढून टाकली. गाडी पकड आणि ये, दार उघडं आहे. आई म्हणते येताना उशी आण, ती विसरली.

एक विचारायचं राहिलं. आईचा डावीकडचा, वरचा एक दात नाही, तुला माहीत होतं का? बोलताना कळत नाही, हसल्यावरच दिसतं. मी तिला म्हटलं, हा कधी पडला? डोळे पुसत म्हणाली, बारा वर्षं झाली असतील.

ताई